नात्याच्या रकान्यात मामा

कोनोंगोच्या सेंट मोनिका मिशन इस्पितळातल्या रक्तपेढीत दोन फ्रिज होते. एकात रक्त असायचं, दुसऱ्यात डॉक्टर अफ्रीयेंचे मासे. वीज गेली की जनरेटर एकाच फ्रिजला पुरायचा, आणि तो कुठल्या फ्रिजला लावायचा यावर दर वेळी चर्चा व्हायची. डोंकोर तिथे लागल्यापासूनच्या नऊ वर्षांत बहुतेक वेळा रक्त जिंकलं होतं. बहुतेक वेळा.

डोंकोर रक्तपेढीचा मुख्य तंत्रज्ञ. वय एक्केचाळीस, लग्न नाही, शर्टाच्या खिशात चार पेनं. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईने याचं नाव डोंकोर ठेवलं होतं, म्हणजे बाजारातून विकत आणलेला गडी. मृत्यू दारात आलाच तर त्याला वाटावं, हे काही या घरचं पोर नाही, आणि त्याने पुढे जावं. युक्ती चालली. आई गेली, बाप त्याआधीच गेलेला, आणि आता डोंकोरला जगात एकच माणूस होतं: अकरा वर्षांनी धाकटी बहीण पोकुआ. तिला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. नवरा कांद्याच्या ट्रकवर, महिन्यातले पंचवीस दिवस सीमेपलीकडे. त्यामुळे तिची औषधं, तिच्या तपासण्या, तिचं रात्री-बेरात्री केळी खावीशी वाटणं, सगळं डोंकोरच्या गळ्यात. तो कुरकुरत करायचा आणि मनातून खूश असायचा.

त्या वर्षी परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने रक्तपेढीला एक यंत्र दिलं. थेंबभर रक्त घातलं की त्यातली प्रथिनं वेगळी करून पडद्यावर पट्ट्या दाखवायचं, जाड, बारीक, फिकट, गडद. काम असं होतं: फ्रिजमध्ये रक्त पस्तीस दिवस टिकतं असं पुस्तकात लिहिलंय, पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावी वीज जात नाही. तेव्हा इथे ते खरंच किती टिकतं ते बघायचं. पिशवी रुग्णाला गेली तरी तिच्या रक्ताची एक छोटी नळी फ्रिजमध्ये मागे ठेवायची आणि दर आठवड्याला तिच्यातून थेंब काढायचा. पेशी फुटायला लागल्या की आतली प्रथिनं बाहेर सांडतात आणि पट्टी जाड होत जाते. कुठली पिशवी लवकर सडते, का सडते, हे कळलं तर माणसं वाचतील. डोंकोरला हे काम इतकं आवडलं की तो रविवारीही यायला लागला. चर्चमध्ये त्याच्या जागेवर आता दुसरं कुणी बसतं, असं पोकुआ टोमणा मारायची.

नोव्हेंबरात त्याला अकरा पिशव्या सापडल्या ज्या सडतच नव्हत्या.

पस्तिसाव्या दिवशीही पट्टी पहिल्या दिवसासारखीच, केसाएवढी बारीक. मधल्या काळात वीज सतरा वेळा गेलेली. शेजारच्या नळ्या काळ्या पडल्या आणि या अकरा जणू आत्ताच कुणाच्या दंडातून काढल्यात. डोंकोरने यंत्र धुतलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्याने त्या अकरा जणांचे अर्ज काढले.

आता हे अर्ज म्हणजे एक वेगळीच गंमत. रुग्णाला रक्त हवं तर घरच्यांनी बदल्यात दोन रक्तदाते आणायचे, असा नियम. घरचे कुठून आणणार? गेटबाहेर तळलेल्या सुरणाच्या गाडीपाशी चार-पाच उडाणटप्पू बसलेले असायचे. चिरीमिरी घेऊन ते कुणाचेही नातेवाईक व्हायचे. आणि नातेवाईक व्हायचंच तर मामाच व्हायचे. कारण बापाचं रक्त पोरात उतरत नाही, आईचं उतरतं, हे इथे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं आणि शाळा शिकून आलेलाही विसरत नाही. भाच्याला रक्त द्यायला मामापेक्षा जवळचा कोण? अर्जांवरून हिशोब केला तर अख्ख्या तालुक्यात बाप मोजके आणि मामा पोत्याने.

त्या अकराही अर्जांवर नात्याच्या रकान्यात ‘मामा’ होतं. नावं अकरा वेगवेगळी. फोन नंबर एकच.

डोंकोरने फोन लावला. ओबुआसीच्या बाजारातल्या एका मिरचीवालीने उचलला. रक्तबिक्त आपल्याला ठाऊक नाही, मिरची हवी तर बोल, नाहीतर फोन ठेव, माझा चार्ज संपतोय, असं तिने ऐकवलं आणि वर त्याच्या घरच्यांची चौकशीही केली, पण ती चांगल्या शब्दांत नव्हती.

मग त्याने सिस्टर गिफ्टीला विचारलं. रक्त काढायला तीच असायची, चौदा वर्षं. अर्ज न बघताच ती म्हणाली, हा तो माल्टवाला असणार. म्हणजे माल्ट न घेणारा. रक्त दिल्यावर प्रत्येकाला ताकद यावी म्हणून एक बाटली माल्ट, ते गोड काळं पेय, आणि बिस्किटांचा पुडा मिळायचा. निम्मे मामा त्यासाठीच यायचे, काही तर रक्त द्यायच्या आधीच मागायचे. हा माणूस मात्र बाटली हाताने मागे सारायचा. “मी चौदा वर्षांत माल्ट नको म्हणणारा माणूस बघितला नाही,” गिफ्टी म्हणाली. “पाद्रीबाबासुद्धा दोन नेतात.”

साधारण साठीचा, ठेंगणा, मयताला नेसतात तसं गडद तांबडं वस्त्र खांद्यावर, बोलायला गोड. दोन-तीन दिवसांनी येतो. इतक्यांदा रक्त देऊन चालत नाही हे तिला कळत होतं, पण समोर बाई मरायला टेकलेली असते, तेव्हा कोण मोजत बसतं?

पण ती म्हणते ते खरं असेल तर घोळ वाढत होता. अकरा पिशव्या एकाच माणसाच्या, तर रक्तगट एक हवा. इथे चार गट होते. शिवाय माणसाच्या रक्तातली काही प्रथिनं जन्माला येताना जशी असतात तशीच मरताना असतात, बोटांच्या ठशांसारखी. त्याही पट्ट्या अकरा तऱ्हेच्या. डोंकोरने आधी स्वतःला शिव्या दिल्या, मग गिफ्टीला, मग लेबलं चिकटवणाऱ्या कारकुनाला. या कारकुनाने एकदा डॉक्टरांच्या माशांवर ‘ओ पॉझिटिव्ह’ची चिठ्ठी लावली होती, त्यामुळे संशय रास्त होता.

शेवटी त्याने स्वतः पाळत ठेवली.

मंगळवारी तो माणूस एका सोळा वर्षांच्या मुलीचा मामा म्हणून आला. डोंकोरने स्वतः सुई लावली, स्वतः पिशवी बांधली, स्वतः लेबल लावलं. गुरुवारी तोच माणूस एका ट्रोट्रोच्या, म्हणजे वडाप गाडीच्या, ड्रायव्हरचा मामा म्हणून आला. डोंकोरने पुन्हा सगळं स्वतः केलं. मंगळवारी सुई लावली होती त्याच कोपरावर बोट फिरवलं. टोचल्याची खूण नव्हती. कातडी लहान पोराची असावी तशी गुळगुळीत.

मंगळवारचं रक्त ए निगेटिव्ह होतं. गुरुवारचं बी पॉझिटिव्ह.

शुक्रवारी त्याने त्या मुलीचे आणि ड्रायव्हरचे, त्यांना रक्त चढवण्याआधी घेतलेले नमुने काढले आणि पिशव्यांच्या पट्ट्यांशेजारी लावून बघितले. मुलीच्या रक्तात एक आडवाटेचं प्रथिन होतं, हजारात एखाद्या घराण्यात असतं तसं. तिच्या आईचा थेंब घेऊन बघितला, त्यातही होतं. मंगळवारच्या पिशवीतही होतं. ड्रायव्हरचंही तसंच. मग जुन्या अकराही त्या-त्या रुग्णाशी लावून बघितल्या. अकराच्या अकरा.

तो माणूस खोटं बोलत नव्हता. तो सगळ्यांचा मामा होता.

डोंकोर हे पडद्याचे फोटो घेऊन डॉक्टर अफ्रीयेंकडे गेला. डॉक्टर रक्तपेढीचे प्रमुख. रजा न देण्याबद्दल प्रसिद्ध. एका शिपायाला त्यांनी बापाच्या मयतीला अर्धा दिवस दिला होता, आणि तोही जेवणाची सुट्टी धरून. त्यांनी फोटो बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले की हे आकडे अहवालातून वगळ. प्रत्येक अभ्यासात दोन-चार वेडे आकडे निघतात. मार्चमध्ये परदेशी परिषद आहे, आलेख सरळ दिसला पाहिजे.

डोंकोर म्हणाला, हे वेडे आकडेच तर खरे कामाचे आहेत.

“वगळ म्हटलं ना,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. फोटो त्यांनी उपडे करून ठेवले.

अभ्यासाचा एक भाग असाही होता, की रक्त घेतलेल्या लोकांची काही महिन्यांनी चौकशी करायची. डोंकोर त्या निमित्ताने निघाला. पहिलं घर जुआसोच्या मॅडम आन्साचं. ऑगस्टमध्ये गर्भाशयाच्या ऑपरेशनात तिला मामाच्या दोन पिशव्या लागल्या होत्या. बाई ठणठणीत होती. अंगणात पाम तेल काढत होती, हात कोपरापर्यंत लाल. तिने त्याला पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, नमुना दिला. मग अर्जातले नेहमीचे प्रश्न. मुलं किती?

“तीन,” ती म्हणाली. मग बोटं मोजल्यासारखं करून, “दोन. थोरला मामाकडे असतो.”

डोंकोरने विचारलं, मामा म्हणजे इस्पितळात आला होता तो? हो, तोच. घरात हाताशी कुणी नाही म्हणाला, एक भाचा द्या म्हणाला. मामाचा हक्कच असतो तो. पूर्वी सगळेच पाठवायचे. राहतो कुठे मामा? बाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने विचारलं होतं की काल कुठे राहतो.

पोराची काही खबर? नाही. फोन? नाही. काळजी नाही वाटत?

“मामाकडे गेलेल्या पोराची कसली काळजी,” ती म्हणाली आणि तेल ढवळायला लागली. दोरीवर शाळेचा शर्ट वाळत होता. खालच्या काठाला धुळीची जाड किनार बसली होती. बरेच दिवस कुणी काढलाच नव्हता.

दुसऱ्या घरी भाची गेली होती. तिसऱ्या घरी जुळ्यातला एक. तिन्ही घरी माणसं धडधाकट, समाधानी. तिन्ही घरच्या आयांनी आधी एक मूल जास्त सांगितलं आणि मग दुरुस्त केलं. चौथ्या घराच्या दारापर्यंत जाऊन डोंकोर परत फिरला.

डिसेंबर आला. हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याने आभाळ धुळीने भरून टाकलं, ओठ फुटले, सूर्य उकडलेल्या अंड्यासारखा दिसायला लागला. शाळांना सुट्टी लागली. रक्त देणारी खरी जनता म्हणजे शाळा-कॉलेजातली मोठी पोरं, ती गावोगाव पांगली. नाताळच्या गर्दीत महामार्गावर रोज एक गाडी आडवी व्हायची. चोवीस तारखेला फ्रिजमध्ये चौदा पिशव्या उरल्या होत्या. त्या दिवशी दुपारी वीज गेली. डॉक्टरांच्या बायकोने नाताळसाठी टेमा बंदरातून मोठा मासा मागवला होता, वॉचमनला डॉक्टरांची भीती आणि माशाची किंमत दोन्ही माहीत होत्या, आणि रक्ताची बाजू मांडायला डोंकोर तिथे नव्हता. तो पोकुआला तपासणीला कुमासी शहरात घेऊन गेला होता आणि नाताळच्या गर्दीत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिथेच अडकला. जनरेटर माशांना लागला. मासे वाचले. चौदा पिशव्या अठ्ठावीस तास उकडल्या.

अठ्ठावीस तारखेला सकाळी पोकुआ सेंट मोनिकातच बाळंत झाली. मुलगा झाला. अकरा वाजता रक्त वाहायला लागलं आणि थांबेना.

तिचा गट ओ निगेटिव्ह. डोंकोरचा बी. कुमासीच्या मोठ्या इस्पितळाला फोन केला तर तिथेही एकच पिशवी होती, आणि ती एका मुलाला लावलेली होती. धुळीमुळे रस्त्यावर तीन तास. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आपल्याकडे तासभर आहे, कदाचित तेवढाही नाही. डोंकोर रिकामा फ्रिज उघडून उभा राहिला. आत बघितलं. बंद केला. पुन्हा उघडला.

मागे वळला तर बाकावर तो बसला होता. तांबडं वस्त्र, एक दंड उघडा करून ठेवलेला.

“चल भाच्या,” तो म्हणाला. “बहिणीला वेळ नाही.”

डोंकोरने फ्रिजचं दार लोटलं. तो म्हणाला, “माझ्या आईला भाऊ नव्हता. एकटी होती ती.”

“नव्हता,” माणूस म्हणाला.

“मग?”

“आता हवाय ना?”

बाहेर गिफ्टी कुणाला तरी आणखी कापूस आणायला सांगत होती. तिच्या आवाजात घाई होती आणि ती लपवायचा प्रयत्नही होता. डोंकोरने तो आवाज नऊ वर्षं ऐकलेला होता. त्याचा अर्थ त्याला ठाऊक होता.

“काय घेणार?” त्याने विचारलं.

“मामा भाच्याकडून काय घेतो? घरात हाताशी एक जण लागतो.” तो हसला. दात छान होते. “घाई नाही रे. बाळंतीण उठू दे, बारसं होऊ दे.”

डोंकोरने सुई लावली.

गट ओ निगेटिव्ह निघाला. पोकुआच्या रक्ताशी जुळवून बघितलं, कुठेही गुठळी नाही, अगदी निवळ. एक पिशवी. मग त्याच दंडातून दुसरी. तिसरी. माणूस बाकावर बसल्या बसल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. चौथी भरली तेव्हा गिफ्टी येऊन म्हणाली, बास, रक्त थांबलं. तिने सवयीने माल्टची बाटली पुढे केली. त्याने हाताने मागे सारली आणि उन्हात निघून गेला. धूळ इतकी होती की गेटपर्यंतही दिसला नाही.

पोकुआ चौथ्या दिवशी उठून बसली. गाल भरलेले, अंगाला रंग आलेला. आठव्या दिवशी बाळाचं बारसं झालं. गावाहून आईची मावशी आली होती, नव्वदीची, एका डोळ्याने अधू. बाळाच्या जिभेला पाण्याचा थेंब लावून झाला, मग ती डोंकोरला म्हणाली की तुझा मामा नाही का आला? तुझ्या आईला कडेवर घेऊन तो मासे पकडायला जायचा.

डोंकोर म्हणाला की आईला भाऊ नव्हता, मावशी.

म्हातारीने त्याच्याकडे अधू डोळ्याने पाहिलं. अरे, आईचं दूध प्यायलास ना, ती म्हणाली, मग असं कसं बोलतोस?

पाहुणे गेल्यावर पोकुआ बाळाला पाजत बसली होती. सहज म्हणाली, “दादा, मामाचा निरोप आला होता. बाळ लहान असेल तर दुसरं कुणी चालेल म्हणाला. पण या आठवड्यात.”

“कुणाबरोबर आला निरोप?”

तिने विचार केला. आठवलं नाही. तिला त्याचं काही वाटलंही नाही.

“मी जातो,” डोंकोर म्हणाला.

त्याला वाटलं होतं ती रडेल, हात धरेल, नको म्हणेल. ही तीच पोकुआ होती, जी त्याला ताप आला की अख्खी गल्ली जागी करायची. तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

“बरं होईल,” ती म्हणाली. “तिकडे थंडी असते. माझी शाल ने.”

बाळ चुटूचुटू पीत होतं. नखं एवढी एवढीशी, गुलाबी. डोंकोरने ती मोजली. दहा होती. त्याला पुरेसं वाटलं.

सोमवारी तो रजेचा अर्ज घेऊन डॉक्टर अफ्रीयेंसमोर उभा राहिला. कारणाच्या रकान्यात त्याने बराच वेळ काही लिहिलं नव्हतं. शेवटी जे होतं तेच लिहिलं: मामाकडे जायचं आहे. त्याला खात्री होती की डॉक्टर ओरडतील. अभ्यास अर्धवट, मार्चची परिषद, फ्रिज रिकामा. ते ओरडतील, रजा नाकारतील, आणि इस्पितळाच्या शिक्क्यानेच त्याचं जाणं थांबेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्यांच्या नाही म्हणण्याची आशा वाटत होती.

डॉक्टरांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

मग सही केली.

डोंकोर म्हणाला की सर, परत रुजू व्हायची तारीख लिहायची राहिलीय.

“असू दे,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. खिडकीबाहेर त्यांची बायको गाडीत वाट बघत होती, निरोगी, गुटगुटीत, केस नुकतेच विंचरून बांधलेले. तिने कुणाला तरी हात केला. डॉक्टर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले.

“तिकडे आमचा थोरला असेल,” ते म्हणाले. “सात वर्षं झाली. भेटला तर सांग त्याला, आई बरी आहे.”